गावकुसाबाहेरून यादीबाहेर

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा लिखित मसुदा)



समितीने आम्हाला ‘शासनाचे गृहनिर्माण धोरण आणि आपला समाज’ हा विषय दिला. वर्धापनदिनाला असा रुक्ष विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आज इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या वस्तीत पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सह्या गोळा करणे सुरू आहे. कितीतरी जणांचे भाऊबंद गावाकडे रमाई घरकुलाच्या यादीत आपले नाव कधी येते म्हणून ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवत आहेत. म्हणजे विषय रुक्ष असला तरी आपल्या उंबऱ्याशी येऊन बसलेला आहे.

आम्ही काही कार्यकर्ते वस्त्यांतून लोकांचे अर्ज लिहून देणे, पुरावे जुळवून देणे असे काम करतो. हे काम करताना एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली, आणि आज मुख्यतः तेवढीच सांगायची आहे. शासनाची प्रत्येक योजना घराबद्दल बोलते. किती चौरस फूट, किती हप्ते, किती अनुदान, सगळे सांगते. पण ते घर ज्या जागेवर उभे राहायचे ती जागा कुणाच्या नावाची, हा प्रश्न आला की योजना गप्प बसते. आणि आपला माणूस अडतो तो नेमका तिथेच.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

सुरुवात मुंबईपासून करू. १८९६ साली प्लेगची साथ आली. माणसे पटापट मेली, जी उरली ती गावाकडे पळाली, गिरण्या ओस पडल्या. मजुरांच्या खुराड्यातला रोग साहेबाच्या बंगल्यापर्यंत पोहोचतो हे तेव्हा सरकारच्या लक्षात आले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाटीवाटीच्या वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. पण ज्यांची बिऱ्हाडे उठवली त्या सगळ्यांना पुरतील इतक्या खोल्या बांधल्या नाहीत. ज्या चाळी बांधल्या, त्यांतल्याच परळच्या एका चाळीत बाबासाहेबांचे बिऱ्हाड वीसएक वर्षे होते. एवढा मोठा ज्ञानी पुरुष, पण अभ्यासाची जागा म्हणजे चाळीतली खोली! घराचा प्रश्न त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता.

पुढे १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्यावरूनच आपण बी.डी.डी. चाळी म्हणतो. लक्ष्य होते ५० हजार खोल्यांचे. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. एका चाळीत ८० खोल्या, म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास. खोली १६० चौरस फुटांची. आणि मौज बघा, मुंबईत मजूर फुटपाथवर झोपत असताना यातल्या पुष्कळ खोल्या सुरुवातीची काही वर्षे रिकाम्या पडून होत्या, कारण भाडे मजुराच्या पगारात बसत नव्हते.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नका. केंद्र शासनाच्या तज्ज्ञ गटाने २०१२ साली हिशेब मांडला, तेव्हा देशाच्या शहरांत १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांचा तुटवडा निघाला. त्यातला जवळजवळ ९६ टक्के तुटवडा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबांचा होता. अगदी बेघर कुटुंबे ५ लाखांच्या वर होती. पण दीड कोटीच्या जवळपास कुटुंबे ही एकाच खोलीत तीन पिढ्या, नवीन लग्न झालेल्या जोडप्याला कोपरा नाही, अशी दाटीत राहणारी होती. आणि त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे कुलूप लावून रिकामी आढळली. एकीकडे माणसाला घर नाही आणि दुसरीकडे घराला माणूस नाही. घरे बांधली जात नाहीत असे नाही. ज्याला हवीत त्याच्या खिशाकडे बघून ती बांधली जात नाहीत.

झोपडी आणि तारीख

स्वातंत्र्यानंतर काय झाले? गावात जमीन नाही, जातीचा जाच आहे, म्हणून आपला माणूस शहरात आला. शहराने त्याचे श्रम घेतले, पण झोपायला जागा दिली नाही. मग त्याने नाल्याच्या काठाला, रेल्वेच्या कडेला, दलदलीत भराव घालून झोपडी उभी केली. ती जमीन राहण्यालायक त्याने केली, आणि कागदावर नाव मात्र पडले ‘अतिक्रमक’.

१९७१ साली महाराष्ट्रात झोपडपट्टी सुधारणेचा कायदा झाला. १९७६ च्या जानेवारीत मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात गणना करून फोटोपास दिले. तेव्हापासून ‘तारीख’ नावाचा प्रकार आपल्या आयुष्यात आला. तारखेच्या आधीचा तो पात्र, नंतरचा तो अपात्र. पण नुसत्या पासने जमीन मिळत नाही. त्याच १९७६ साली चेंबूरजवळची जनता कॉलनी ही हजारो कुटुंबांची वस्ती उठवून चीता कॅम्पला नेण्यात आली.

१९८१ च्या ऐन पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या पाडून माणसे शहराबाहेर पाठवण्याचा हुकूम निघाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे मोठे तत्त्व न्यायालयाने सांगितले. वकील मंडळी आजही तो निकाल अभिमानाने सांगतात. पण निकालाचा शेवट काय होता? पावसाळा संपेपर्यंत थांबा, मग हटवा. आणि १९७६ च्या गणनेचा पास असलेल्यांना पर्यायी जागा द्या. म्हणजे तत्त्व सर्वांना मिळाले, जागा मात्र कागदवाल्यालाच.

दुसरा एक खटला आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही. १९९६ सालचा चमेली सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. तिथे शासनाने अनुसूचित जातींच्या घरांसाठी जमीन संपादित केली होती. जमीनमालक म्हणाले, आमच्या उपजीविकेवर गदा येते. सर्वोच्च न्यायालयाने निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ते संपादन कायम ठेवले. निवाऱ्याचा हक्क हा दलितांच्या घराच्या जागेवरून झालेल्या भांडणात उजेडात आला, हे आपण लक्षात ठेवायला हवे.

फुकट घराचे गणित

१९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. ४० लाख लोकांना ८ लाख घरे मोफत, अशी घोषणा झाली. सुरुवातीला घर २२५ चौरस फुटांचे होते, २००८ साली २६९ झाले, पुढे ३०० झाले. पण तीन दशकांत ८ लाखांपैकी निम्मी घरेसुद्धा पुरी झाली नाहीत.

का झाली नाहीत? योजनेचे गणित साधे आहे. विकासक, म्हणजे आपल्या बोलीत बिल्डर, तुमच्या जागेवर तुम्हाला घर बांधून देतो आणि त्या बदल्यात जादा बांधकाम बाजारात विकून पैसा काढतो. म्हणजे फुकट घराची किंमत तुमच्याच पायाखालच्या जागेतून वसूल होते. जिथे जागेला भाव तिथे बिल्डरांची रांग, आणि जिथे भाव नाही तिथे कुणी फिरकत नाही. गरज मोठी की लहान, हा हिशेब यात कुठेच येत नाही. भाव पडला की काम थांबते. लोक संक्रमण शिबिरात नाहीतर भाड्याच्या खोलीत. भाडे बंद, बिल्डर गायब, आणि म्हातारी माणसे नव्या घराची वाट बघत तिथेच मरतात. अशी घरे आम्ही एका वस्तीत नाही, अनेक वस्त्यांत पाहिली आहेत.

शिवाय पात्रतेचा घोळ आहेच. १ जानेवारी २००० पूर्वीच्याला मोफत, त्यानंतर २०११ पर्यंतच्याला पैसे भरून, आणि त्याच्या पुढच्याला काहीच नाही. सर्वसाधारण नियमात खालच्या मजल्यावरचा पात्र आणि शिडीने वर चढून माळ्यावर राहणारा अपात्र. एका बाईच्या झोपडीचे वीजबिल वारलेल्या सासऱ्याच्या नावावर, रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर आणि नवरा सोडून गेलेला. तीस वर्षे ती तिथे राहते, पण यादीत तिच्या नावापुढे ‘अपात्र’. ती आम्हाला विचारते, ‘दादा, मी राहिले ते खोटं का?’ काय उत्तर द्यायचे?

आणि घर मिळाले म्हणून सगळे मिळाले असेही नाही. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही. अशा घरांचा आणि क्षयरोगाचा संबंध २०१८ च्या एका अभ्यासात दाखवला गेला. प्लेगच्या भीतीने ज्या शहरात गृहनिर्माण सुरू झाले, तिथेच रोगट घरे बांधून गरिबांना दिली गेली.

याउलट बी.डी.डी. चाळींचे बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे. तोही मजूरच, झोपडीतलाही मजूरच. मग एकाला ५०० आणि दुसऱ्याला ३०० का? चाळीतल्याकडे तीन पिढ्यांची भाडेपावती आहे, जागा सरकारी आहे आणि काम म्हाडा स्वतः करते आहे. कागद आणि जागा, या दोन गोष्टींनी हा फरक पडला.

दुसरी वाट होती

जागा आधी दिली तर काय होते याचे दाखले आपल्या डोळ्यांसमोर आहेत. १९८५ पासून जागतिक बँकेच्या मदतीने मुंबईत चारकोप, गोराई अशा ठिकाणी लहान लहान भूखंड पाडले. रस्ते, पाणी, गटारे आधी केली आणि घर लोकांनी ऐपतीप्रमाणे बांधले. पहिल्या वर्षी पत्र्याची खोली, मग विटांची भिंत, मग वर माळा. आज तिथे जाऊन बघा, पक्क्या वस्त्या आहेत. गोरेगावला मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेतर्फे कमाल जमीन धारणा कायद्यातली जादा जमीन लढून मिळवली आणि दिंडोशीला सहा हजारांवर घरे उभी केली. हा कायदा १९७६ चा. मोठ्या जमीनमालकांची जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी घ्यावी हा त्याचा हेतू. पण बहुतेक जमीन सवलतींच्या वाटेने सुटली, आणि २००७ साली महाराष्ट्राने तो कायदाच मोडीत काढला. ज्या दारातून जागा येऊ शकत होती ते दार आपल्या डोळ्यांदेखत बंद झाले, आणि आपण मोर्चा काढला नाही.

गावाकडची गोष्ट

आता गावाकडे वळू. १९८५-८६ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली ती अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त वेठबिगारांसाठी. १९९३-९४ पासून ती इतर गरिबांनाही लागू झाली. २०१६ साली तिची प्रधानमंत्री आवास योजना झाली. महाराष्ट्रात २००८ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. माता रमाईचे नाव दिले, चांगले केले. प्रधानमंत्री आवासची मदत साध्या भागात १ लाख २० हजार रुपये ठरली ती २०१६ साली, आणि २०२४ साली पुढचा टप्पा मंजूर झाला तेव्हाही केंद्राने तीच ठेवली. सिमेंट, वाळू, गवंड्याची मजुरी मात्र २०१६ ला थांबलेली नाही. ‘घर पाहावे बांधून’ असे म्हणतात ते उगाच नाही.

पण खरी अडचण याच्याही आधीची आहे. अर्ज केला की ग्रामसेवक विचारतो, ‘जागा आहे का नावावर?’ ज्याच्या आजोबाला गावाने गावकुसाबाहेर चार पावले जागा दिली, ज्याच्या तीन भावांची कुटुंबे त्याच चार पावलांत कोंबलेली आहेत, त्याने जागा कुठून आणायची? जागा खरेदीसाठी शासनाचे अर्थसाहाय्य आहे. पण गावात दलिताला जागा विकणारा भेटला पाहिजे ना! मग माणूस गायरानावर घर बांधतो. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या अतिक्रमणांच्या नोटिसा राज्यभर निघाल्या आणि त्यात आपल्या वस्त्याही आल्या. गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल दाखवतात, पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनीचा अपवाद त्याच निकालात आहे, हे कुणी सांगत नाही.

शहरातल्या प्रधानमंत्री आवास योजनेचेही तेच. मंजूर झालेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरे ही स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यांची आहेत, आणि सगळ्यात कमी वाटा झोपडपट्टीच्या जागीच पुनर्विकासाचा आहे. ज्याच्याकडे जागा आहे त्यालाच घर, हा नियम गावात आणि शहरात सारखाच आहे.

ही मागणी नवी नाही

बाबासाहेबांना हे कळले होते. १९४७ साली संविधान सभेपुढे मांडण्यासाठी लिहिलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. पडीक सरकारी जमीन एका वसाहत आयोगाच्या ताब्यात देऊन त्यावर वसाहती बसवाव्यात, असे त्यांनी लिहिले. आधी जमीन, मग घर, असा तो क्रम होता. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला. १९६४ च्या डिसेंबरात पुन्हा देशभर सत्याग्रह झाला. त्या वेळच्या मागण्यांत भूमिहीनांना जमीन होतीच, शिवाय झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारा अशीही मागणी होती. गावातला भूमिहीन आणि शहरातला झोपडीवासी हे एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, हे त्या पिढीला दिसत होते. आपण मात्र आपल्या यादीत आपले नाव आले की गप्प बसतो.

मग आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, कागद. वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादीतले नाव, फोटोपास, झोपडीच्या सर्वेक्षणाची पावती, सगळे एका पिशवीत ठेवा. घरातले वडीलधारे माणूस वारले की वारसाची नोंद लगेच करून घ्या. गावाकडे ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव लागले म्हणून निर्धास्त होऊ नका. ती कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

दुसरी, सही. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. पूर्वी ७० टक्के संमती लागत होती, २०१८ पासून ५१ टक्के पुरते. म्हणजे एकेका सहीचे वजन वाढले आहे. करार मराठीत मागा. दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरण्याचे बंधन २०२३ पासून बिल्डरवर आहे, ते भरले का विचारा. दोन इमारतींमध्ये अंतर किती, ऊन कुठून येणार, बालवाडी कुठे, आणि वस्तीत विहार असेल तर त्याची जागा कुठे, हे नकाशावर दाखवून घ्या. नकाशात जे नाही ते नंतर मिळत नाही.

तिसरी, बायकांची नावे. प्रधानमंत्री आवासचे घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे करण्याची तरतूद आहे. तिचा आग्रह धरा. दारूच्या पायी विकलेली घरे आपण पुष्कळ पाहिली.

चौथी, ग्रामसभा. यादी वाचून दाखवायला लावा. ज्यांना जागा नाही त्यांची वेगळी यादी करून ठरावात घाला आणि सरकारी जमीन मागा. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, ठरावाला उत्तर द्यावे लागते.

आणि शेवटची गोष्ट, जी कुठल्याही कार्यालयात होत नाही, ती इथेच होऊ शकते. ‘अपात्र’ ठरलेल्या शेजाऱ्याला सोडून सही करू नका. माळ्यावरचा भाडेकरू, तारखेनंतर आलेला, कागद हरवलेली ती बाई, ही आपलीच माणसे आहेत. गावाने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, तेव्हा निदान आपण सगळे एकत्र बाहेर होतो. आता शासनाची यादी आपल्यातल्याच काहींना आत घेते आणि काहींना बाहेर ठेवते, आणि आतले बाहेरच्यांकडे परक्यासारखे बघू लागतात. हे होऊ देऊ नका. संमतीची सभा असेल तेव्हा आधी अपात्रांची यादी वाचा, त्यांचे अपील दाखल करा, आणि मग बिल्डरच्या माणसाला आत बोलवा.

विहार समितीला आमची एकच विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ वंदनेनंतर इथे कागदपत्रांचे टेबल लावा. लिहिता-वाचता येणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तिथे बसावे आणि कुणाचा कोणता कागद कमी आहे त्याची वही ठेवावी. पुढच्या वर्धापनदिनाला त्या वहीतली किती नावे यादीत गेली ते सभेत वाचून दाखवा.